बायबल अभ्यासाच्या पेपरसाठी थीसिस स्टेटमेंट कसं लिहावं

"रूथच्या पुस्तकातून देवाचं सर्वांवरचं प्रेम दिसून येतं." बायबल अभ्यासाच्या पहिल्या वर्षाच्या पेपरात, पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी, असं एखादं वाक्य हमखास सापडतं. वाक्य चुकीचं नाही. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुणी ते म्हटलं तर सगळे माना डोलावतील. अडचण तीच आहे. ज्यावर सगळे माना डोलावतात आणि जे लिहायला रूथचं पुस्तक उघडावंही लागत नाही, ते थीसिस स्टेटमेंट नसतं.

थीसिस स्टेटमेंट म्हणजे तुमच्या पेपरचं मुख्य विधान. दिलेल्या उताऱ्याबद्दल तुम्ही केलेला दावा एक-दोन वाक्यांत सांगायचा, आणि उरलेल्या पेपरात तो वचनांच्या, म्हणजे बायबलमधल्या क्रमांक दिलेल्या वाक्यांच्या, आधारे सिद्ध करायचा. माझ्या मते त्याची एकच खरी कसोटी आहे: वचनं या विधानाला "नाही" म्हणू शकतात का? तीच वचनं वाचलेला दुसरा विद्यार्थी बोट ठेवून "पण इथे तर असं लिहिलंय" असं म्हणू शकत असेल, तर तुमच्या हाती काहीतरी लागलं आहे. त्याला तसं म्हणायला जागाच नसेल, तर तुम्ही उताऱ्याबद्दल अजून काहीच बोललेला नाही.

हा लेख दोन प्रकारच्या विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. काही जण मंडळीत वाढलेले असतात, संडे स्कूल आणि युवक सभा करून पुण्यातल्या युनियन बिब्लिकल सेमिनरीसारख्या संस्थेत किंवा सेरामपूरशी संलग्न एखाद्या कॉलेजात बी.टीएच. किंवा बी.डी. या धर्मशास्त्राच्या पदवीला आलेले असतात. दुसरे परदेशात शिकणारे, घरी बायबल नसलेले, ज्यांनी क्रेडिट भरून काढायला हा विषय घेतला आणि जे आता घाबरलेले आहेत. पहिल्यांना गोष्टी इतक्या पाठ असतात की पानावरचं दिसत नाही. दुसऱ्यांना वाटतं आपल्याला काहीच येत नाही. खरं तर पहिल्या पेपरात दुसऱ्यांची बाजू थोडी वरचढ असते, कारण ते उतारा पहिल्यांदा वाचत असतात.

पहिली पायरी: प्रश्न आणि उताऱ्याचा आकार

शिक्षकांनी दिलेल्या प्रश्नातलं क्रियापद पाहा. "तुलना करा" म्हटलं असेल तर दोन उतारे लागतील, "विश्लेषण करा" म्हटलं असेल तर एक पुरेल. पेपर दीड हजार शब्दांचा असेल तर अख्खं पुस्तक घेऊ नका. रूथचं पुस्तक चार अध्यायांचं, एकूण ८५ वचनांचं. तरी तेवढंसुद्धा दीड हजार शब्दांत नीट मावत नाही. एक प्रसंग घ्या आणि बाकीचं पुस्तक त्याच्या आधाराला वापरा.

दुसरी पायरी: कॉमेंटरी बंद, उतारा उघडा

इथे घाई करू नका. पेपर उभा राहतो तो या पायरीवर.

कॉमेंटरी, म्हणजे अभ्यासकाने लिहिलेलं भाष्य, आधी उघडली की तिचे प्रश्न तुमचे होऊन बसतात. म्हणून आधी नुसता उतारा, तोही दोन भाषांतरांत. मराठी वाचकांनी बायबल सोसायटीचं जुनं भाषांतर आणि एखादं सोप्या मराठीतलं भाषांतर शेजारी ठेवावं. पेपर इंग्रजीत असेल तर वर्गात सांगितलेलं इंग्रजी भाषांतरही हवं. वही घ्या आणि साध्या गोष्टी टिपा. कोण बोलतं, कोण गप्प आहे? प्रसंग घरात घडतो, शेतात की गावाच्या वेशीवर? कोणता शब्द पुन्हा पुन्हा येतो, आणि कुठे अचानक यायचा थांबतो? काय घडेल असं वाटलं होतं आणि घडलं नाही?

रूथचंच उदाहरण घेऊ. गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल: दुष्काळामुळे बेथलेहेमचं एक कुटुंब मवाब देशात जातं, तिथे घरातले तिन्ही पुरुष मरतात, आणि नामी तिच्या मवाबी सुनेला, रूथला, घेऊन परत येते. रूथ बवाजच्या शेतात सरवा वेचते. चौथ्या अध्यायात बवाज वेशीवर वडीलधाऱ्यांना बसवून तिच्याशी लग्न करण्याचा हक्क मिळवतो. आता "मवाबी" ही रूथची ओळख कुठे कुठे येते ते पाहा. १:२२, २:२, २:६, २:२१, ४:५ आणि ४:१० (आधी अध्याय, मग वचन). सहा ठिकाणं. त्यांच्यापुढे तो शब्द कोणाच्या तोंडी आहे तेही लिहा. १:२२, २:२ आणि २:२१ मध्ये निवेदक बोलतो. २:६ मध्ये कापणी करणाऱ्यांवरचा मुकादम बोलतो. ४:५ आणि ४:१० मध्ये बवाज.

एवढी यादी झाली की एक गोष्ट लक्षात येते. दुसऱ्या अध्यायात बवाज विचारतो, ही मुलगी कोणाची? मुकादम सांगतो, ही नामीबरोबर आलेली मवाबी. म्हणजे बवाजच्या कानावर तो शब्द पडला आहे. तरी लगेच पुढे, २:८ मध्ये, तो तिला "माझ्या मुली" म्हणतो. तिसऱ्या अध्यायात, रात्री खळ्यावरही तेच (३:१०, ३:११). ती आपला देश सोडून आली हे त्याला माहीत आहे, २:११ मध्ये तो तसं बोलूनही दाखवतो, पण तिला मवाबी म्हणत नाही. आणि चौथ्या अध्यायात, गावासमोर, तोच माणूस तो शब्द दोनदा वापरतो.

हे अजून थीसिस नाही, हे फक्त निरीक्षण आहे. पण ते तुमचं आहे, आणि कुणीही वचनं उघडून ते पडताळून पाहू शकतो.

तिसरी पायरी: निरीक्षणाला "का?" विचारा

निरीक्षणावरून थेट विधानावर उडी मारली की पेपर पोकळ होतो. मध्ये एक प्रश्न हवा, आणि तो लिहून काढलेला हवा: खाजगीत रूथला मुलगी म्हणणारा बवाज वेशीवर तिला मवाबी का म्हणतो?

आता एका वाक्यात उत्तर लिहून पाहा, कच्चं चालेल. समजा पहिलं उत्तर असं आलं: "रूथच्या पुस्तकात मवाबी ही ओळख फक्त चारचौघांत येते, घरात नाही."

वाक्य चांगलं वाटतं. आता यादीकडे परत जा. २:२ आणि २:२१ मध्ये रूथ नामीशी बोलते आहे, दोघीच आहेत, आणि तरी निवेदक तिला मवाबी म्हणतो. वचनांनी "नाही" म्हटलं. अशा वेळी नवखा विद्यार्थी ती दोन वचनं टाळून पुढे जातो. तसं अजिबात करू नका. वाचणाऱ्याला ती दोन वचनं माहीत असतात, आणि तुमची विश्वासार्हता तिथेच संपते. विधान आवळा. पुस्तकाबद्दल बोलायचं सोडा, बवाजच्या बोलण्याबद्दलच बोला:

"शेतात आणि खळ्यावर रूथला कधीही मवाबी न म्हणणारा बवाज वेशीवर मात्र तिला दोनदा तसं म्हणतो."

आता विधान खरं आहे, पण ते निरीक्षणच राहिलं. "का?" अजून शिल्लक आहे. यानंतर दोन-तीन शक्य उत्तरं एकमेकांसमोर उभी करायची. मला हा टप्पा सगळ्यात जास्त आवडतो, कारण इथे विद्यार्थी खऱ्या अर्थाने वाचायला लागतो.

एक उत्तर: हा डावपेच आहे. नामीच्या कुटुंबाची जमीन सोडवायचा, म्हणजे विकत घेऊन कुटुंबात ठेवायचा, पहिला हक्क बवाजपेक्षा जवळच्या एका नातेवाइकाचा असतो, आणि ४:४ मध्ये तो तयार होतो. लगेच ४:५ मध्ये बवाज सांगतो की जमिनीबरोबर मवाबी रूथही येते, आणि ४:६ मध्ये तो माणूस माघार घेतो. बवाजने त्याला बिचकवायलाच तो शब्द वापरला, असं म्हणता येईल.

दुसरं उत्तर: ही कायदेशीर भाषा आहे. साक्षीदारांसमोर व्यवहार होताना माणसाची पूर्ण ओळख सांगतात. ४:९ मध्ये बवाज नामीचा मेलेला नवरा अलीमलेख आणि मुलगे खिल्योन व महलोन यांची नावं अशीच घेतो.

तिसरं: रूथचं परकेपण लपवून नव्हे, तर ते उघड सांगून तिला गावात घ्यायचं, हाच या प्रसंगाचा गाभा आहे.

आता वचनांना निवाडा करू द्या. डावपेचच असेल तर माघार घेतल्यावर, ४:१० मध्ये, तो शब्द पुन्हा कशाला? तिथे कुणाला बिचकवायचं उरलेलं नाही. कायदेशीर भाषेचं उत्तर जास्त मजबूत आहे, ते सहजी बाजूला सारता येत नाही. पण लोकांचा प्रतिसाद पाहा. "आम्ही साक्षी आहोत" एवढ्यावर ते थांबत नाहीत. ४:११ मध्ये ते म्हणतात, तुझ्या घरात येणारी ही स्त्री राहेल आणि लेआ यांच्यासारखी होवो. इस्राएलचं घराणं ज्यांनी उभारलं त्या दोघी. मवाबी म्हणून जिची ओळख करून दिली, तिला लोक थेट कुळाच्या आयांच्या रांगेत बसवतात. निव्वळ व्यवहारापेक्षा इथे जास्त काही चाललं आहे. आणि त्यानंतर, ४:१३ मध्ये, निवेदकही तिला नुसती रूथ म्हणतो. मवाबी हा शब्द पुन्हा येत नाही.

आता विधान असं लिहिता येईल:

"शेतात आणि खळ्यावर रूथला कधीही मवाबी न म्हणणारा बवाज वेशीवर ती ओळख दोनदा उच्चारतो. नातेवाइकाने माघार घेतल्यावरही ती पुन्हा येत असल्यामुळे तिला केवळ डावपेच म्हणता येत नाही. रूथ ४:१-१२ मध्ये परक्या स्त्रीचा स्वीकार तिचं परकेपण झाकून नव्हे, तर ते गावासमोर मांडून होतो."

लांबलं आहे, पण पहिल्या मसुद्याला चालेल. यात उतारा ठरलेला आहे, निरीक्षण आहे, विरुद्ध मत आहे आणि दावा आहे. वर्गातला दुसरा कोणी कायदेशीर भाषेची बाजू घेऊन याच्याशी भांडू शकतो. भांडू द्या. पेपरातला एक परिच्छेद त्यालाच द्यायचा आहे.

इतिहासाबद्दलचं विधान वेगळं

रूथवर वाचायला लागलात की लवकरच एक मत भेटेल: बाबेलच्या बंदिवासानंतरचे यहूदी पुढारी एज्रा आणि नहेम्या यांनी परक्या बायकांशी झालेल्या लग्नांना विरोध केला, त्याला उत्तर म्हणून हे पुस्तक लिहिलं गेलं. मत आकर्षक आहे. अनुवाद (Deuteronomy) या बायबलमधल्या नियमांच्या पुस्तकात, २३:३ मध्ये, मवाबी माणसाला दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत येऊ देऊ नये असं म्हटलं आहे, नहेम्या १३ त्याचाच आधार घेतो, आणि रूथच्या शेवटी कळतं की दावीद राजा एका मवाबी बाईचा पणतू होता. पण "उत्तर म्हणून लिहिलं" असं म्हटलं की तुम्ही पुस्तकाच्या काळाबद्दल दावा केलात, आणि रूथचा काळ अभ्यासकांमध्ये वादाचा आहे. काही जण ते राजेशाहीच्या काळातलं मानतात, काही बाबेलच्या बंदिवासानंतरचं. पहिल्या वर्षाच्या छोट्या पेपरात तो वाद तुम्ही मिटवू शकणार नाही. मग विधानाचं वजन बदला: "अनुवाद २३:३ शेजारी ठेवून वाचलं तर रूथ ४ मधली वंशावळ त्या नियमाला आव्हान देते." हे दोन उताऱ्यांबद्दलचं विधान आहे, आणि ते तुम्हाला सिद्ध करता येतं.

म्हणजे लिहायला बसण्याआधी ठरवा: आपण उताऱ्याबद्दल बोलतो आहोत, उताऱ्यामागच्या इतिहासाबद्दल, की नंतरच्या लोकांनी तो कसा वाचला त्याबद्दल? तिन्हींना पुरावा वेगवेगळा लागतो. तिसऱ्या प्रकारात मराठी विद्यार्थ्यांना फार मोठं दालन उघडं आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनमध्ये राहून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं. विधवांसाठी आयुष्य वेचलेल्या बाईने दोन विधवांची ही गोष्ट मराठीत कशी आणली, हा पुढच्या वर्षांसाठी खरोखर मोलाचा प्रश्न आहे. पण तो भाषांतराचा पेपर होईल, बवाजचा नाही. एकाच विधानात दोन्ही कोंबू नका.

श्रद्धा आणि पेपर

मंडळीतून आलेल्या विद्यार्थ्यांना इथे मनातून त्रास होतो, आणि तो मी हलक्यात घेत नाही. "वचनाला असं चिरून बघायचं का?" असं ते विचारतात. पेपर तुमची श्रद्धा बाजूला ठेवायला सांगत नाही. तो एवढंच म्हणतो की जे सिद्ध करायचं ते वचनांतून सिद्ध करा. "बायबल देवाचं वचन आहे" ही तुमची श्रद्धा असेल, पण या पेपराच्या साधनांनी ती सिद्धही होत नाही आणि खोडूनही निघत नाही. उलट जो माणूस वचनाला देवाचं मानतो, त्याने तर प्रत्येक शब्द जास्तच काळजीने वाचायला हवा.

एक व्यवहाराची खूण सांगते. विधानात "आपण" किंवा "आपल्याला" आलं असेल तर थांबा. "योनाकडून आपण शिकतो की..." हे प्रवचनाचं वाक्य आहे. प्रवचनाची जागा मोठी आहे, पण ती पेपरात नाही. "आपण" काढून तिथे उताऱ्यातल्या कुणाला तरी कर्ता करा: योना, निवेदक, देव, निनवेचे लोक. "योनाचं पुस्तक देवाच्या प्रश्नावर संपतं (४:११) आणि योनाचं उत्तर देत नाही..." असं सुरू केलंत की वाक्य आपोआप उताऱ्याकडे वळतं.

आणखी तीन उताऱ्यांवर

आमोस १-२. कच्चं विधान: "आमोस सामाजिक न्यायाचा संदेश देतो." हे कुठल्याही पुस्तकाच्या मागच्या पानावर असतं. उतारा पाहा: दिमिष्कापासून (दमास्कस) सुरू होऊन आमोस हा संदेष्टा एकेका शेजाऱ्याचे अपराध सांगतो, मग यहूदा, आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात लांबलचक, इस्राएल. सुधारलेलं: "आमोस १:३-२:१६ मध्ये शेजारी राष्ट्रांचा निषेध आधी ठेवल्यामुळे इस्राएली श्रोते स्वतःवरचा आरोप ऐकण्याआधीच न्यायनिवाड्याच्या तत्त्वाला मान देऊन बसतात." इथे कुणी विचारेल, श्रोते खरोखर असे होते हे कशावरून? बरोबर. म्हणून "रचना श्रोत्यांना तिथे आणून सोडते" असं लिहिणं जास्त सुरक्षित.

फिलेमोनाला पत्र. पंचवीस वचनांचं, पहिल्या पेपरासाठी उत्तम. सगळे लिहितात की पौल गुलामगिरीच्या विरोधात होता, किंवा नव्हता. पत्रात तो अनेसिमाला, फिलेमोनाच्या गुलामाला, मोकळं कर असं सरळ म्हणत नाही. आज्ञा करू शकतो पण विनंती करतो असं तो सांगतो (वचनं ८-९). पण वचन २ मध्ये पाहा, पत्र एकट्या फिलेमोनाला नाही, त्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीलाही आहे. मग विधान होतं: "वचन २ मुळे पौलाची खाजगी वाटणारी विनंती मंडळीसमोरची ठरते, आणि फिलेमोनाला नकार देणं अवघड होतं."

मार्क १६. इथे विधानाआधी एक काम आहे. सायनायटिकस आणि व्हॅटिकनस या चौथ्या शतकातल्या दोन्ही हस्तलिखितांत हे शुभवर्तमान १६:८ वर, घाबरून गप्प राहिलेल्या स्त्रियांपाशी, संपतं. पुढची बारा वचनं बऱ्याच आवृत्त्यांत कंसात किंवा टीपेसह छापलेली असतात. तुम्ही कुठला शेवट धरून बोलता आहात हे विधानातच सांगा, नाहीतर पेपरभर गोंधळ होईल.

लिहिताना

"या पेपरात मी अमुकतमुकची चर्चा करणार आहे" ही सूचना झाली, विधान नव्हे. "महत्त्वाचा", "सखोल", "विविध पैलू" हे शब्द काढून पाहा. वाक्यातून काहीच कमी झालं नाही, तर ते नकोच होते. "जरी... तरी" ही मराठी रचना इथे फार कामाची आहे, कारण ती विरुद्ध मताला विधानातच जागा करून देते.

पेपर इंग्रजीत लिहायचा असेल तरी विधान आधी मराठीत, तोंडी, मित्राला किंवा घरच्यांना सांगून बघा. "म्हणजे नेमकं काय म्हणायचंय तुला?" असं समोरच्याने विचारलं, की जे उत्तर तोंडातून येतं ते बहुधा लिहिलेल्यापेक्षा चांगलं असतं. तेच उतरवून घ्या आणि मग इंग्रजीत मांडा.

संदर्भ देताना अध्याय आणि वचन अचूक द्या. हिब्रू बायबलमध्ये काही ठिकाणी क्रमांक वेगळे पडतात. अनुवाद २३:३ तिथे २३:४ आहे. कॉमेंटरीत वेगळा आकडा दिसला तर ती छपाईची चूक समजू नका.

विधान पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी ठेवा. शिक्षकांना भेटायला जाताना अख्खा मसुदा नेण्यापेक्षा विधान आणि त्याच्या विरोधात जाणारं सगळ्यात अवघड वचन, एवढंच एका कागदावर घेऊन जा. दहा मिनिटांत जास्त काम होतं.

पेपर संपला की शेवटचा परिच्छेद आणि पहिल्यातलं विधान शेजारी ठेवून वाचा. लिहिता लिहिता विचार पुढे गेलेला असतो, त्यामुळे शेवटी आलेलं वाक्य बहुतेक वेळा जास्त नेमकं असतं. तसं असेल तर ते उचलून वर आणा आणि मधला प्रत्येक परिच्छेद नव्या विधानासमोर धरून पुन्हा तपासा. जो त्याला धरून नाही, तो कितीही मेहनतीने लिहिलेला असला तरी काढून टाका.